हजेरीपटापासून डॅशबोर्डपर्यंत : कामगाराला मोजण्याचा इतिहास

मराठीतले कामाच्या हिशेबाचे शब्द एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. हजेरी, गैरहजर, हिशेब, दफ्तर, मुकादम हे शब्द अरबी-फारसीतून आले. पगार पोर्तुगिजांकडून आला. मस्टर इंग्रजांनी दिले. ज्याची ज्याची सत्ता या भूमीवर आली, त्याने आपल्याबरोबर माणसांचे काम मोजण्याची एक रीत आणली. सत्ता गेली, पण शब्द आपल्याकडे राहिले. गेल्या काही वर्षांत या यादीत लॉगिन, ॲप, बायोमेट्रिक आणि डॅशबोर्ड यांची भर पडली आहे. हे शब्द कुठल्या बादशहाबरोबर आलेले नाहीत, ते कंपन्यांबरोबर आले आहेत.

या नव्या रीतीला कॉर्पोरेट भाषेत 'वर्कप्लेस ॲनॅलिटिक्स' म्हणतात. कर्मचारी दिवसभर संगणक, ईमेल, कॅलेंडर, चॅट वापरतो. वापरताना प्रत्येक वेळी एक नोंद मागे राहते. या लाखो नोंदी एकत्र करून नव्या डिजिटल साधनामुळे माणसांचे वागणे कसे बदलले, हे सांगण्याचा दावा हे शास्त्र करते. ऑनलाइन मीटिंग आल्यावर माणसे जास्त बोलतात की कमी? ॲपवर हजेरी सुरू झाल्यावर वेळेवर येतात का? घरून काम करताना काम होते का?

प्रश्न वाजवी आहेत. आज बँकेतला कारकून, आयटीतला इंजिनियर, पार्सल पोहोचवणारा तरुण, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक, सगळेच या मोजणीखाली आहेत. आमच्या पेशात तर शाळाबाह्य कामांच्या जोडीला ॲपबाह्य वेळ किती उरतो, हा शिक्षक-खोलीतला रोजचा विषय आहे. पण या वादात दोन्ही बाजू फार घाईने बोलतात. एक म्हणते, यंत्र खोटे बोलत नाही. दुसरी म्हणते, ही निव्वळ पाळत आहे. इतिहास काय सांगतो, हे दोघांनीही पाहिलेले नसते. ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

दाग आणि चेहरा

दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी याच्यासमोर एक साधा प्रश्न होता. सरदार जितक्या घोडेस्वारांचा खर्च घेतात, तितके घोडेस्वार खरोखर असतात का? त्याने घोड्यांवर डाग देण्याची आणि सैनिकांच्या हुलियाची, म्हणजे चेहऱ्या-बांध्याच्या वर्णनाची, नोंद ठेवण्याची पद्धत लावली. सोळाव्या शतकात अकबराने तीच पद्धत नव्याने आणि अधिक कडक स्वरूपात आणली. घोड्याला 'दाग', सैनिकाचा 'चेहरा'. आजच्या भाषेत सांगायचे तर बायोमेट्रिक हजेरी.

परिणाम काय झाला? अकबराच्या दरबारातला इतिहासकार बदायुनी याने कडवटपणे लिहून ठेवले आहे की, अमीर लोक मोजणीच्या दिवशी नोकर-चाकरांना सैनिकांचे कपडे घालून उभे करत, जहागीर पदरात पडली की त्यांना वाटेला लावत. मोजणी ज्या दिवशी होई, त्या दिवसापुरते सैन्य तयार होई.

पुढे शाहजहानच्या काळापर्यंत राज्यानेच वास्तवाशी तडजोड केली. मनसबदाराच्या नावावर जितके स्वार लिहिलेले, त्याच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शाइतकेच त्याने प्रत्यक्ष मोजणीला आणावेत, असा नियम झाला. कागदावरचा आकडा एक आणि मैदानातला आकडा दुसरा, ही गोष्ट आता चोरी राहिली नाही. ती कायदा झाली.

इथून एक धडा निघतो, तो पुढच्या चारशे वर्षांत वारंवार दिसेल. मोजणी सुरू झाली की माणसाचे वागणे बदलते हे खरे. पण सर्वांत आधी बदलते ते मोजणीसमोरचे वागणे. कामाचे वागणे बदलेलच, याची खात्री नसते.

घड्याळ आणि स्टॉपवॉच

औद्योगिक क्रांतीने मालकाच्या हातात नवे हत्यार दिले. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने कामगाराच्या येण्या-जाण्याची वेळ छापणारे यंत्र बनवले. त्याची कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन होत गेली. त्यातूनच जी कंपनी उभी राहिली, तिने १९२४ मध्ये नाव घेतले इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजेच आयबीएम. संगणकाच्या या बड्या घराण्याची एक मुळी अशी थेट कामगाराच्या हजेरीत रुजलेली आहे.

बंडीचे यंत्र फक्त येणे आणि जाणे मोजत होते. मधल्या वेळेचे काय? ते काम फ्रेडरिक टेलर या इंजिनियरने अंगावर घेतले. हातात स्टॉपवॉच घेऊन तो कामगाराची प्रत्येक हालचाल सेकंदात मोजू लागला. १९११ मध्ये त्याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक आले. त्यात बेथलेहेम स्टीलमधल्या एका मजुराची गोष्ट आहे. तो आधी दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलायचा. टेलरच्या पद्धतीने तो सत्तेचाळीस टन उचलू लागला, आणि त्याची मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाली. काम जवळपास चौपट वाढले आणि मजुरी दीडपटीच्या थोडी वर गेली. ही गोष्टही बरीच फुगवून सांगितलेली होती, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९११ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्र कारखान्यात एका ओतकाम कामगाराने स्टॉपवॉचखाली काम करायला नकार दिला. त्याला काढून टाकले आणि बाकीचे ओतारी कामावरून उठून गेले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोहोचले. टेलरला समितीपुढे साक्ष द्यावी लागली. पुढे काँग्रेसने लष्कराच्या कारखान्यांत स्टॉपवॉचच्या मोजणीवर सरकारी पैसा खर्च करायलाच बंदी घातली. मोजायचे कसे आणि कुणी, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका देशाच्या संसदेने ऐरणीवर घेतला होता, हे आजच्या ॲपच्या जमान्यात विसरले गेले आहे.

मुंबई, १९२८

टेलरचे वारे मुंबईच्या गिरण्यांपर्यंत यायला वेळ लागला नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काही गिरण्यांनी, त्यात ससून गटाच्या गिरण्या पुढे होत्या, 'एफिशियन्सी' नावाची योजना आणली. सूत कातणाऱ्याने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे. कागदावर दर माणशी उत्पादन वाढत होते. गिरणीबाहेर मात्र कामावरून कमी झालेल्या माणसांची रांग वाढत होती.

एप्रिल १९२८ मध्ये संप पेटला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. श्रीपाद अमृत डांगे, ना. म. जोशी यांच्यासारखे वेगवेगळ्या विचारांचे नेते एका संयुक्त संप समितीत बसले. गिरणी कामगार युनियन त्याच उन्हाळ्यात उभी राहिली. या संपात घाटावरचा आणि कोकणातला मराठी कामगार होता, तसाच उत्तर भारतातून आलेला, मदनपुऱ्यात वस्ती करून राहिलेला मोमिन विणकरही होता. विणकाम हेच ज्यांचे पिढीजात हुन्नर, त्यांना तिसरा माग म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

पण याच संपात आणखी एक सत्य समोर आले. मालकांच्या एफिशियन्सीच्या तक्त्यात ते नव्हते आणि संप समितीच्या सुरुवातीच्या मागण्यांतही नव्हते. विणकाम खात्यात पगार जास्त होता, आणि त्या खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे ठामपणे मांडला. एका माणसामागे किती माग, याचा हिशेब चोख ठेवला जात होता. मागापर्यंत कुणाला पोहोचूच दिले जात नाही, याचे मस्टर कुणी ठेवत नव्हते. कुठलीही मोजणी पाहताना हा प्रश्न जवळ ठेवावा. काय मोजले, याइतकेच काय मोजले नाही, हेही विचारावे.

दिव्यांची गोष्ट

मुंबईत संप पेटला, तेव्हा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात जगातला बहुधा सर्वांत गाजलेला प्रयोग चालू होता. टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या या कारखान्यात १९२४ पासून एक गोष्ट तपासली जात होती. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का? सांगितली जाणारी कथा अशी की उजेड वाढवला तरी काम वाढले, आणि कमी केला तरी वाढले! म्हणजे उजेडाचा संबंधच नव्हता. आपल्याकडे कुणीतरी लक्ष देत आहे, या जाणिवेनेच माणसे जास्त काम करू लागली. व्यवस्थापनाच्या प्रत्येक पुस्तकात ही गोष्ट 'हॉथॉर्न इफेक्ट' म्हणून छापली गेली. बी.एड.च्या अभ्यासात आम्हीही तिच्याबद्दल ऐकले.

ऐंशी वर्षांनंतर स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी या प्रयोगाचे हरवले असे समजले जाणारे मूळ आकडे शोधून काढले. त्यात त्यांना दिसले की दिव्यांतला बदल नेहमी रविवारी, सुट्टीच्या दिवशी केला जात असे. मग सोमवारी काम वाढलेले दिसे. पण दिवे बदलले नाहीत अशा आठवड्यांतही सोमवारी काम वाढतच होते! सुट्टीनंतरचा ताजेपणा दिव्यांच्या नावावर जमा झाला होता. आकडे खरे होते. त्यांचा लावलेला अर्थ कच्चा होता.

त्याच कारखान्यातली दुसरी खोली मला जास्त महत्त्वाची वाटते. १९३१-३२ मध्ये १४ पुरुष कामगारांच्या एका गटाचे निरीक्षण केले गेले. या गटाने आपसात दिवसाचे 'योग्य' काम ठरवून ठेवले होते. जास्त करणाऱ्याला टोमणे आणि दंडावर बुक्की, कमी करणाऱ्यालाही टोमणे, आणि वरिष्ठांना चुगली करणारा तर वाळीतच. हा आळस नव्हता. आज जास्त काम दाखवले तर उद्या तेच काम सक्तीचे होईल किंवा कुणाची तरी नोकरी जाईल, ही भीती त्यामागे होती. मंदीचे दिवस होते. मोजणीच्या पलीकडे मालक काय करणार, याचा अंदाज कामगार बांधत होते आणि त्या अंदाजानुसार वागत होते.

यंत्रच मुकादम झाले

इथपर्यंत मोजणारा माणूस वेगळा होता आणि कामाचे साधन वेगळे. संगणकाने हा फरक पुसून टाकला. टाइपरायटरवर किती अक्षरे उमटली, हे कुणाला तरी बसून मोजावे लागे. संगणकावर काम करता करताच मोजणी होते. १९८७ मध्ये अमेरिकन संसदेच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने या विषयावर अहवाल काढला, त्याचे नावच होते 'इलेक्ट्रॉनिक सुपरवायझर'. पुढच्याच वर्षी शोशाना झुबॉफ या विदुषीने आपल्या पुस्तकात दाखवले की, संगणक काम आपोआप करतोच, शिवाय त्या कामाविषयी माहितीही तयार करतो. ती माहिती कामगाराच्या हाती गेली तर तो अधिक जाणता होतो. फक्त साहेबाच्या हाती गेली तर तीच टेहळणीचा बुरूज बनते. साधन एकच असते. पारडे कुठे झुकते, ते माहिती कुणाकडे जाते यावर ठरते.

एकविसाव्या शतकात ही गोष्ट धंदा बनली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये या क्षेत्रातली एक कंपनी विकत घेतली आणि २०१७ मध्ये 'वर्कप्लेस ॲनॅलिटिक्स' या नावानेच उत्पादन बाजारात आणले. ईमेलमध्ये काय लिहिले ते न पाहता कुणी कुणाला, कधी, किती पत्रे पाठवली आणि कोणत्या बैठकीत किती वेळ गेला, एवढ्यावरून ते निष्कर्ष काढते. पत्राचा मजकूर न वाचता पाकिटावरचा पत्ता आणि शिक्का वाचण्यासारखे.

या साधनांतून खरे ज्ञान मिळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन उदाहरणे देतो.

पहिले २०१८ चे. भिंती पाडून सगळ्यांना एका मोकळ्या हॉलमध्ये बसवले की माणसे एकमेकांशी जास्त बोलतील, असे सगळे मानत होते. हार्वर्डमधल्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवाद टिपणारे बिल्ले अडकवून आणि ईमेलच्या नोंदी जोडून हे तपासले. समोरासमोर बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल व चॅट वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस कानाला हेडफोन लावून स्वतःभोवती न दिसणारी भिंत बांधतो. हे मोजल्याशिवाय कळले नसते.

दुसरे कोरोनाकाळातले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी आपल्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतल्या नोंदी तपासल्या. घरून काम सुरू झाल्यावर माणसे आपल्या जवळच्या गटाशी घट्ट बांधली गेली, पण दुसऱ्या गटांतल्या लोकांबरोबर जाणारा वेळाचा वाटा सुमारे एक चतुर्थांशाने घटला. काम थांबले नव्हते, पण कंपनीतली बेटे एकमेकांपासून दूर सरकत होती.

दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट सारखी आहे. प्रश्न गटाविषयी होता. अमुक एका माणसाला पकडणे, हा हेतू नव्हता. हेतू बदलला की काय होते, तेही त्याच कंपनीने दाखवले. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने 'प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर' आणला. कोणता कर्मचारी २८ दिवसांपैकी किती दिवस ईमेल किंवा चॅट वापरतो, हे त्यात नावासकट दिसत होते. जगभर टीका झाली आणि काही दिवसांतच कंपनीने नावे काढून टाकली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनमध्ये बार्कलेज बँकेने कर्मचाऱ्यांच्या संगणकावरचा वेळ मोजणारे सॉफ्टवेअर लावले होते. बातमी फुटली आणि बँकेला माघार घ्यावी लागली. ते सॉफ्टवेअर बनवणारी सेपियन्स ही कंपनी मूळची पुण्यातली. म्हणजे हा विषय आपल्या दारापासून फार दूर नाही.

आणि मनसबदारांचे भाडोत्री घोडे? तेही परत आले. माऊस आपोआप हलवत ठेवणारी छोटी यंत्रे आज ऑनलाइन विकत मिळतात. संगणकाला वाटते, माणूस काम करतो आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डवर खोटी हालचाल दाखवल्याबद्दल डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकले. बदायुनी हयात असता तर त्याला त्यात नवल वाटले नसते.

याच बर्नस्टीन यांनी २०१२ मध्ये चीनमधल्या एका मोबाइल कारखान्याविषयी लिहिले होते. तिथे काही कामगारांच्या रांगांभोवती पडदा लावला, वरिष्ठांची नजर अडवली, तर उत्पादन १० ते १५ टक्क्यांनी वाढले. कारण कामगारांनी स्वतः शोधलेल्या सोप्या युक्त्या त्यांना साहेबासमोर वापरता येत नव्हत्या. सतत पाहिला जाणारा माणूस आपली कामचुकारी लपवतो, तशीच आपली हुशारीही लपवतो.

उदयपूरचे दोन प्रयोग

आता आपल्या देशात, आणि माझ्या पेशाकडे येऊ. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एस्थर डफ्लो यांनी रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांच्यासह राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात २००३ मध्ये एक प्रयोग सुरू केला. सेवा मंदिर ही संस्था तिथे दुर्गम वस्त्यांत एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवत होती. शिक्षक वारंवार गैरहजर असत. निम्म्या शाळांत शिक्षकाला एक कॅमेरा दिला. त्यावर तारीख-वेळ उमटे आणि ती बदलता येत नसे. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एखाद्या मुलाने शिक्षकाचा आणि वर्गाचा फोटो काढायचा. पगार फोटोंवर ठरणार. महिन्याचे ठरलेले दिवस भरले तर हजार रुपये, वरच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जास्त, कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये वजा, पण ५०० च्या खाली नाही.

कॅमेरा नसलेल्या शाळांत गैरहजेरी ४२ टक्के राहिली. कॅमेऱ्याच्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली, म्हणजे निम्मी. मुलांच्या चाचणीतले गुणही सुधारले. शिक्षक म्हणून मी हा आकडा नाकारू शकत नाही. गैरहजर शिक्षकाची किंमत सर्वांत आधी गरिबाचे मूल मोजते. ज्या मोहल्ल्यात, ज्या पाड्यावर दुसरी शाळाच नाही, तिथे तर पूर्ण किंमत मोजते.

पण याच जिल्ह्यात, याच संस्थेच्या मदतीने दुसरा प्रयोगही झाला. त्याची चर्चा कमी होते. फेब्रुवारी २००६ मध्ये सरकारी उपकेंद्रांतल्या परिचारिकांसाठी तारीख-वेळ छापणारी यंत्रे बसवली. मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी, डफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा अभ्यास केला. सुरुवातीला हजेरी झपाट्याने वाढली. सोळा महिन्यांत फरक पूर्ण नाहीसा झाला. यंत्रे होती, नोंदीही होत होत्या. पण जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनाने 'सूट' दिलेल्या दिवसांची संख्या वाढत गेली. परिचारिका केंद्रावर नाही, पण कागदावर ती सवलतीवर आहे. गैरहजेरी कमी झाली नाही. तिला अधिकृत नाव मिळाले. शाहजहानच्या एक-तृतीयांशाच्या नियमाची आठवण इथे आल्यावाचून राहत नाही.

पुढे कर्नाटकात प्राथमिक आरोग्य केंद्रांत बायोमेट्रिक यंत्रे लागली, त्याचा अभ्यास इक्बाल धालीवाल आणि रेमा हॅना यांनी केला. परिचारिका, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट यांची हजेरी वाढली. डॉक्टरांच्या हजेरीत फरक पडला नाही. एकाच दारावर एकच यंत्र होते, पण ज्याचे वजन जास्त, त्याला ते लागू पडले नाही.

तिन्ही प्रयोग शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. पहिल्या ठिकाणी नियम सोपा, सर्वांना ठाऊक आणि पाळला जाणारा होता. चांगल्या हजेरीला फायदा होता आणि पगाराला तळ होता. दुसऱ्या ठिकाणी वरच्यांचीच नीयत नव्हती. तिसऱ्या ठिकाणी नियम सर्वांना सारखा नव्हता. बदल यंत्राने घडवला नाही. यंत्रामागच्या इन्साफाने घडवला, किंवा त्याच्या अभावाने थांबवला.

आणि आणखी एक बारीक गोष्ट. उदयपूरच्या कॅमेऱ्याच्या शाळांत शिक्षक जास्त दिवस आले, त्यामुळे मुले जास्त दिवस शिकली. पण शाळेत आलेला शिक्षक शिकवताना आढळण्याचे प्रमाण दोन्ही प्रकारच्या शाळांत जवळपास सारखेच होते. कॅमेऱ्याने शिक्षकाला वर्गापर्यंत आणले. वर्गात आल्यानंतर तो काय करतो, ते कॅमेऱ्याच्या आवाक्यात नव्हते. नापास होण्याच्या भीतीने गप्प बसलेल्या मुलीजवळ जाऊन बसणे, उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला मराठीचे लिंग-वचन तिसऱ्यांदा समजावणे, याचा फोटो काढून काही कळत नाही.

मग आपण काय मागायचे?

मोजणीच नको, ही मागणी मला मान्य नाही. जनतेच्या पैशावर पगार घेणाऱ्याने हिशेब द्यायलाच हवा. पण हिशेब घेणाऱ्यालाही काही अटी असाव्यात. जर्मनीत १९७२ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवू शकणारे तांत्रिक साधन बसवण्याआधी, जिथे कामगार परिषद आहे तिथे तिची संमती घ्यावी लागते. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्यात नोकरीच्या कारणांसाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरताना मालकाला वेगळी संमती घेण्याची गरज ठेवलेली नाही. म्हणजे ज्याला मोजायचे, त्याला विचारण्याची सक्ती नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शिक्षक संघटनेच्या सभेत, बँकेच्या युनियनमध्ये, आयटी कंपनीच्या एचआरसमोर, किंवा पुढचे नवे ॲप सक्तीचे करणारा आदेश हाती पडेल तेव्हा, तीन प्रश्न लेखी विचारता येतात. हे ॲप नेमके काय मोजणार आहे आणि माझ्या कामाचा कोणता भाग त्यातून सुटणार आहे? ही नोंद कोण पाहणार, आणि ती मला स्वतःला पाहता येईल का, चुकली तर दुरुस्त करता येईल का? आणि या नोंदीवरून जे होईल, ते शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना सारखेच लागू असेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणारे अधिकारी भेटतील. दुसऱ्याला थोडी टाळाटाळ होईल. तिसऱ्या प्रश्नावर जिथे सरळ उत्तर मिळेल, तिथे ते ॲप बिनदिक्कत उघडावे आणि वेळेवर हजेरी लावावी.